इब्ने सीना : औषधाची कसोटी आणि साक्षीची जबाबदारी

मानवी देह ही अल्लाहने माणसाकडे सोपविलेली अमानत आहे. तिची निगा राखणे, ती आजारी पडल्यास उपचार करणे आणि उपचाराच्या नावाखाली तिला इजा न पोहोचविणे, ही श्रद्धावंताची जबाबदारी ठरते. प्रत्येक व्याधीसाठी अल्लाहने औषध निर्माण केले आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करील आणि रुग्णाचे नुकसान करील, तो त्या नुकसानीस जबाबदार राहील, हीदेखील त्यांचीच शिकवण आहे. पहिली शिकवण माणसाला आशा देते, तर दुसरी त्या आशेला शिस्त लावते.

या शिस्तीचे एक उदाहरण उहुदच्या रणांगणावर दिसते. त्या दिवशी प्रेषितांच्या (स.) चेहऱ्यास जखम झाली. ह. अली (रजि.) ढालीतून पाणी आणून ओतत होते आणि ह. फातिमा (रजि.) जखम धूत होत्या. पाण्याने रक्त थांबत नाही, उलट अधिकच वाहते, हे लक्षात येताच त्यांनी चटईचा तुकडा जाळला व त्याची राख जखमेवर दाबून बसविली. रक्त थांबले. उपाय करावा, त्याचा परिणाम उघड्या डोळ्यांनी पाहावा आणि गुण येत नसेल तर हट्ट न धरता दुसरा उपाय योजावा, हा धडा त्या प्रसंगात आहे. पुढे चार शतकांनी ज्या विद्वानाने औषधांच्या परीक्षेचे नियम सूत्रबद्ध करून ठेवले, त्या अबू अली हुसैन इब्ने सीना यांचे चरित्र आज स्मरण्याचे एक खास कारण आहे.

वऱ्हाडातील सुगंध

वाशीम जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, त्या प्रदेशाच्या डोंगरउतारांवर पावसाळ्याच्या अखेरीस रोशा गवत डोलू लागते. यालाच आपल्याकडे तिखाडी म्हणतात. याचे तेल काढण्याचा धंदा वऱ्हाड, खानदेश व निमाड या पट्ट्यात जुना आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशातील मुस्लिम कारागीर ओढ्याकाठी भट्टी मांडीत, मोठ्या हंड्यात गवत व पाणी भरीत आणि हंड्याचे झाकण लिंपून घेत. झाकणातून निघालेली वाफ बांबूच्या नळीवाटे वाहत्या पाण्यात बुडविलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरे. तिथे ती थंड झाली की पाण्यावर तेल तरंगे. हे तेल मुंबईमार्गे थेट इस्तंबूलपर्यंत जाई. तुर्क व्यापारी त्याला इद्रिस यागी म्हणत. याला गुलाबासारखा वास असल्यामुळे तिथे ते महागड्या गुलाब अत्तरात मिसळले जाई. म्हणजे आपल्या मातीतला हा सुगंध त्या बाजारात दुसऱ्याच्या नावाने विकला जात होता.

सांधेदुखीवर चोळण्यासाठी हे तेल आपल्याकडे पूर्वीपासून वापरले जाते. आता रोशा, निलगिरी, लवंग, लव्हेंडर अशा वनस्पतींच्या सुगंधी तेलांची जखम भरून आणणारे औषध म्हणून प्रयोगशाळांत परीक्षा होत आहे. रोशा तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल हा काचेच्या बशीत वाढविलेल्या काही जंतूंची वाढ रोखतो. अशा निष्कर्षाची बातमी बाजारात पोहोचेपर्यंत तिचे रूप मात्र पालटते. काचेच्या बशीतला परिणाम माणसाच्या जखमेवरचा सिद्ध इलाज म्हणून सांगितला जातो आणि छोट्या कुपीवर मोठा दावा छापला जातो. पायाच्या जखमेने त्रासलेला एखादा मधुमेही शेतकरी तो दावा खरा मानतो आणि दवाखान्यात जायचे आठ दिवस पुढे ढकलतो. तेवढ्यात जखम चिघळून पाय गमावण्याचीही वेळ येऊ शकते.

औषध सिद्ध झाले असे म्हणणे म्हणजे साक्ष देणे होय. इस्लाममध्ये साक्षीला अटी आहेत. औषधाविषयीच्या साक्षीच्या अटी कोणत्या, याचे उत्तर शोधताना आपण इब्ने सीना यांच्यापाशी येऊन थांबतो.

बुखाऱ्याचा विद्यार्थी

इब्ने सीना यांचा जन्म हि.स. ३७०, म्हणजे इ.स. ९८० च्या सुमारास बुखाऱ्याजवळील अफशना या गावी झाला. वडील अब्दुल्लाह हे मूळचे बल्खचे. सामानी शासक नूह बिन मन्सूर यांच्या राज्यात ते एका परगण्याचा कारभार पाहत. आईचे नाव सितारा. मुले मोठी होऊ लागताच हे कुटुंब बुखाऱ्यास आले. वयाच्या दहाव्या वर्षीच बालकाने पवित्र कुरआन मुखोद्गत केला. फिकहचे धडे त्याने इस्माईल अज्-जाहिद यांच्याकडे गिरविले, तर भारतीय अंकगणित शिकण्यासाठी वडिलांनी त्याला एका भाजीविक्रेत्याकडे पाठविले. हिशेबाची भारतीय रीत त्या काळी मध्य आशियाच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचली होती आणि ज्ञान भाजीवाल्याकडून घेण्यात त्या घराला कमीपणा वाटला नाही, या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

सोळाव्या वर्षी त्यांनी वैद्यक हाती घेतले. केवळ ग्रंथ वाचून ते थांबले नाहीत. त्यांनी रुग्ण तपासले आणि पुस्तकात न सापडणाऱ्या अनेक गोष्टी रुग्णांपाशी शिकल्या. एखादा प्रश्न सुटेनासा झाला की ते मशिदीत जात, नमाज अदा करीत, अल्लाहपाशी मार्ग उघडण्याची याचना करीत आणि घरी परतून दिव्याच्या उजेडात पुन्हा वाचावयास बसत. प्रार्थनेने अभ्यासाची सुटका होते असे त्यांनी कधी मानले नाही. ॲरिस्टॉटलचा एक कठीण ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला, तरी तो उलगडेना. अखेर बाजारात अवघ्या तीन दिरहमला मिळालेल्या अल्-फाराबी यांच्या छोट्या पुस्तकाने तो उलगडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कृतज्ञतेपोटी गरिबांना भरपूर दानधर्म केला.

शासक नूह बिन मन्सूर आजारी पडले, तेव्हा राजवैद्यांनी या तरुणास बोलाविण्याची शिफारस केली. रुग्णास गुण आला आणि बक्षीस म्हणून तरुणाने राजग्रंथालयाचे दार उघडून घेतले. दालनामागून दालने आणि प्रत्येक दालनात एकेका विषयाच्या ग्रंथांनी भरलेल्या पेट्या! वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यांनी आपल्या काळातील बहुतेक विद्या आत्मसात केल्या होत्या.

भटकंती आणि हरवलेली टिपणे

बावीस वर्षांचे असताना पितृछत्र हरपले. सामानी राज्यही कोसळले. तेथून पुढचे आयुष्य म्हणजे अखंड भटकंती होती. गुरगंज, निसा, तूस, जुरजान अशी मजल दरमजल करीत ते निघाले. जुरजान येथे अबू उबैद अल्-जुजजानी हे शिष्य त्यांना मिळाले आणि अखेरच्या श्वासापर्यंत सोबत राहिले. गुरूंचे उत्तरार्धातील चरित्र आज आपल्याला ठाऊक आहे ते याच शिष्याच्या लेखणीमुळे. अल्-कानून फित्तिब्ब या महाग्रंथाचा प्रारंभही जुरजानलाच झाला.

पुढे हमदान येथे शासक शम्सुद्दौला यांच्या पोटशूळावर त्यांनी उपचार केला आणि ते वजीर बनले. सैन्याने बंड केले, त्यांचे घर लुटले. चाळीस दिवस ते एका स्नेह्याच्या घरी लपून राहिले. शासकाचा पोटशूळ पुन्हा उसळला, तेव्हा त्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले. दिवस राज्यकारभारात जाई आणि रात्र अध्यापन व लेखनात. शम्सुद्दौलांच्या निधनानंतर त्यांना फर्दजान किल्ल्यात चार महिने कैदेत राहावे लागले. तिथेही लेखणी थांबली नाही. पोटशूळावरील त्यांचा ग्रंथ याच कैदेत लिहिला गेला. अखेर सुफी फकिराच्या वेशात ते इस्फहानला पोहोचले आणि तेथील शासक अलाउद्दौला यांनी त्यांचा आदर केला.

या धकाधकीत एक मोठे नुकसान झाले. उपचार करताना आलेले अनुभव त्यांनी सुट्या पानांवर टिपून ठेवले होते. ते ‘कानून’मध्ये समाविष्ट करण्याचा त्यांचा मानस होता. ग्रंथ पूर्ण होण्यापूर्वीच ती पाने गहाळ झाली. जुजजानींनी त्यांपैकी एकदोनच हकिकती नमूद करून ठेवल्या आहेत. ख्वारिज्ममधील एका क्षयी स्त्रीस त्यांनी गुलाबाच्या साखरपाकावर, म्हणजे गुलकंदासारख्या औषधावर ठेवले होते आणि तिला आराम पडला, ही त्यांतील एक. अनुभवांची नोंद हरवली, तरी अनुभव कसा पारखावा याचे नियम मात्र ग्रंथात शाबूत राहिले.

सात अटी

‘कानून’चे पाच भाग आहेत. दुसरा भाग एकेकट्या औषधद्रव्यांचा असून त्यात सुमारे ८०० द्रव्यांची माहिती येते. त्याच भागाच्या आरंभी औषधाचा गुण अनुभवाने ठरवावयाचा असेल तर सात अटी पाळाव्यात, असे त्यांनी सांगितले. आजच्या सुगंधी तेलांच्या परीक्षेस त्या लावून पाहिल्या की त्यांचे मोल कळते.

पहिली अट अशी की, औषधात बाहेरून आलेला गुण नसावा. तापविलेले पाणी ऊब देते, पण ती ऊब पाण्याची नव्हे, चुलीची असते. जे रोशा तेल गुलाब अत्तरात मिसळले जाई, त्याच रोशा तेलात व्यापारी स्वस्त तेले मिसळीत. अशा भेसळीच्या तेलाने गुण आला किंवा अपाय झाला, तर श्रेय अथवा दोष कोणाचा? म्हणून जखमेवर तेल लावण्याआधी कुपीत नेमके काय आहे, याची तपासणी व्हावयास हवी.

दुसरी अट, व्याधी एकेरी असावी, मिश्र नसावी. मधुमेह्याच्या पायाची जखम ही केवळ जखम नसते. रक्तातील साखर, मंदावलेला रक्तप्रवाह, बधिर झालेल्या नसा आणि जंतू असे चार रोग तिथे एकत्र नांदतात. अशा जखमेवर एकट्या तेलाचा गुण पारखता येत नाही आणि रुग्णाला एकट्या तेलाच्या भरवशावर सोडताही येत नाही.

तिसरी अट, परस्परविरोधी प्रकृतीच्या दोन व्याधींवर औषध लावून पाहावे. दोहोंतही उपयोग दिसला, तर त्यांपैकी एका ठिकाणी औषधाचा अंगभूत गुण कामी आलेला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी काही आनुषंगिक कारण. जखमेवर तेल लावताना ती धुतली जाते, झाकली जाते, रोज पाहिली जाते. जखम भरली ती तेलाने की स्वच्छतेने, हा प्रश्न विचारल्याशिवाय निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. आजचे संशोधक एका गटास तेलमिश्रित मलम व दुसऱ्या गटास तेलाविना तेच मलम लावून हाच भेद शोधतात.

चौथी अट, औषधाचा जोर व्याधीच्या जोराशी मेळ खाणारा असावा. म्हणून अल्प मात्रेपासून प्रारंभ करावा व क्रमाने वाढवावे. सुगंधी तेल अत्यंत तीव्र असते. जे तेल जंतूला मारते, तेच जास्त प्रमाणात झाल्यास जखमेत नव्याने वाढणाऱ्या कोवळ्या पेशींनाही मारू शकते. न मिसळता लावलेल्या तेलाने त्वचा भाजल्यासारखी होते, काहींना फोड येतात.

पाचवी अट काळाची आहे. परिणाम केव्हा दिसला, लगेच की विलंबाने, याची नोंद ठेवावी. कारण बऱ्याच जखमा काही दिवसांनी निसर्गतःच भरतात आणि त्याचे श्रेय हाताशी असलेल्या कुपीला मिळते. सहावी अट, परिणाम सातत्याने अथवा बहुतांश वेळी दिसला पाहिजे. एखाद्या वेळी दिसलेला परिणाम हा योगायोग समजावा.

सातवी अट सर्वांत मोलाची आहे. परीक्षा माणसाच्या देहावर व्हावी, कारण सिंह किंवा घोडा यांच्यावर दिसलेला परिणाम माणसावर तसाच दिसेल याची शाश्वती नाही. सुगंधी तेलांचे जखमेवरील पुष्कळ प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. उंदराची त्वचा सैल असून तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः कडा आक्रसून मिटते. माणसाची जखम मात्र प्रामुख्याने नवे मांस भरून व वरून नवी त्वचा येऊन भरते. उंदरावरील यश ही पहिली पायरी आहे आणि ती आवश्यकही आहे, पण ती अंतिम साक्ष नाही. हजार वर्षांपूर्वीचा हा इशारा आजही जसाच्या तसा लागू पडतो.

जखम आणि तेल

जखमेविषयी इब्ने सीना यांनी काय सांगितले, हेही पाहण्याजोगे आहे. साधी, ताजी चीर असेल तर तिच्या दोन्ही कडा जुळवून बांधाव्यात आणि मध्ये काही जाऊ देऊ नये, धूळ नको आणि तेलही नको, असे त्यांचे मार्गदर्शन आहे. मोठ्या जखमांसाठी त्यांनी औषधांचे वर्ग केले : मांस भरून आणणारी, ओल सुकवून जखम सांधणारी आणि नवी त्वचा येईपर्यंत वरून खपली धरविणारी. कोणत्या जखमेला काय हवे हे ठरवावे आणि मगच औषध निवडावे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. युनानी ग्रंथांतील रोगने गुल म्हणजे तिळाच्या किंवा जैतुनाच्या तेलात गुलाबपाकळ्या मुरवून केलेले सौम्य तेल. आज कुपीत मिळणारे सुगंधी तेल हे वाफेने काढलेले, कित्येक पटींनी तीव्र द्रव्य आहे. नावात गुलाब असला तरी पहिल्याच्या गुणांची साक्ष दुसऱ्यासाठी चालत नाही. वाफेने सुगंध काढण्याची विद्या इब्ने सीना यांनीच शोधली, असेही सर्रास सांगितले जाते. पण त्यांच्या जन्माच्या शतकभर आधी अल्-किंदी यांनी अत्तरे व ऊर्ध्वपातन यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. आपल्या पूर्वजांचा गौरव करतानाही साक्ष खरीच असली पाहिजे.

अखेरचा धडा

ज्यांनी पोटशूळावर ग्रंथ लिहिला, त्यांना अखेरीस पोटशूळानेच गाठले. अलाउद्दौलांच्या स्वारीत असताना दुखणे उसळले. लवकर बरे व्हावे म्हणून त्यांनी एकाच दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. त्यामुळे आतड्यास व्रण पडला. पुढे बस्तीत दोन दानिक अजमोदाचे बी घालण्यास त्यांनी सांगितले, पण औषध तयार करणाऱ्याने पाच दिरहम घातले. सहा दानिकांचा एक दिरहम धरला, तर ही मात्रा पंधरा पट झाली. हे चुकून झाले की हेतुपुरस्सर, हे जुजजानींनाही सांगता आले नाही. एका सेवकाने तर दुसऱ्या औषधात अफूची मात्रा जाणूनबुजून वाढविली. मालाची चोरी उघडकीस येण्याचे भय त्याला होते. चौथ्या अटीत मात्रेचे भान शिकविणाऱ्या वैद्याच्या शरीरावर मात्रेचाच असा घात झाला. उतावीळपणा, चूक आणि खोटेपणा या तिघांपुढे उत्तमातले उत्तम औषधही विष ठरते.

थोडे बरे वाटताच ते पुन्हा कामास लागले. पथ्याची पर्वा त्यांनी फारशी केली नाही, असे शिष्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. हमदानच्या वाटेवर दुखणे उलटले. देहाचा कारभार पाहणारी शक्ती संपली आहे, हे ओळखून त्यांनी उपचार थांबविला. तौबा केली, जवळचे धन गरिबांत वाटले, गुलामांना मुक्त केले आणि दर तीन दिवसांस एक कुरआन पठण पूर्ण करीत ते अंतिम क्षणाची वाट पाहू लागले, असे चरित्रकार सांगतात. हि.स. ४२८ च्या रमजान महिन्यात, इ.स. १०३७ मध्ये, हमदान येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे.

बाराव्या शतकात तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्दने ‘कानून’चा लॅटिन अनुवाद केला. १५९३ साली रोममध्ये मूळ अरबी ग्रंथ छापला गेला. युरोपच्या विद्यापीठांत तो शतकानुशतके शिकविला गेला आणि भारतातील युनानी वैद्यकाचा तो आजही पाया आहे. इब्ने सीना यांच्या तत्त्वज्ञानविषयक काही मतांवर इमाम गझाली (रह.) यांनी कठोर टीका केली. परंतु त्याच गझालींनी वैद्यक शिकणे हे फर्जे किफाया ठरविले, म्हणजे समाजातील कोणीच ते शिकले नाही तर सर्व समाज दोषी ठरतो. मतभेद आणि उपयुक्त ज्ञान यांची गल्लत आपल्या थोर विद्वानांनी केली नाही.

वऱ्हाडातील आपल्या तरुणांपुढे येथे एक वाट मोकळी आहे. रोशा आपल्याच डोंगरांवर उगवतो. त्याचे तेल जखमेवर खरोखर गुणकारी आहे काय, किती प्रमाणात आणि कोणत्या जखमेवर, हे शुद्ध तेल घेऊन, तुलना करून, रुग्णाची संमती घेऊन आणि अपयशाचीही नोंद ठेवून तपासता येईल. तोवर हकीम असो, दुकानदार असो की मोबाईलवर संदेश पुढे पाठविणारा सामान्य माणूस, प्रत्येकाने दावा करण्यापूर्वी त्या सात अटी स्वतःला विचाराव्यात. आपल्या एका शब्दावर कोणीतरी आपली जखम सोपविणार असतो आणि त्या शब्दाचा हिशेब अल्लाहपुढे द्यावयाचा आहे. अल्लाह आपणा सर्वांना लाभदायक ज्ञान आणि खरी साक्ष देण्याचे सामर्थ्य प्रदान करो. आमीन.